समस्वरची साखर

नसीम होडेकरनं रोडेलचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिला त्याच्याबरोबर काम करायला लागून तीन वर्षं झाली होती. आवाजाची जात ओळखीची होती, तरी क्षणभर तिला वाटलं, कुणीतरी परकाच माणूस मध्ये घुसला आहे.

तोवर तिच्या कानातला रोडेल हा मोठा शांत गृहस्थ होता. स्वच्छ मराठीत बोलायचा, शब्द तोलूनमापून, जणू रेडिओवर उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगतो आहे. तो कधी खोकला नाही, कधी अडखळला नाही, कधी चिडला नाही. असा माणूस चांगलाच म्हणायचा. पण का कोण जाणे, नसीमचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता.

रत्नागिरी बंदराच्या वरच्या टेकडीवर एक काचेची इमारत होती, तिथे बसून नसीम जहाज चालवायची. तरुणपणी काही वर्षं ती खऱ्या जहाजांवर अधिकारी म्हणून हिंडली होती. मग हळूहळू जहाजांवरची माणसंच कमी झाली. बिनखलाशी मालवाहू जहाजं आली, आणि ती किनाऱ्यावरून हाकायचं तंत्र आलं. एका जहाजामागे तीन माणसं, तीन देशांत. वाट आणि सुकाणू नसीमकडे. इंजिन आणि बाकीची यंत्रं रोडेल मागबानुआकडे. तो फिलिपिन्समधल्या इलोइलो नावाच्या बंदरगावात बसायचा. आणि दोघांच्या वर सिग्रिड, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये, अशा कितीतरी जहाजांचा कारभार पाहणारी. त्यांच्या जहाजाचं नाव एका समुद्रपक्ष्याचं होतं. मूळ नॉर्वेजियन नाव नसीमला कधी कळलंच नाही, कारण तिच्या कानात ते 'सुरय' असं मराठी होऊनच यायचं.

हे भाषांतर करणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं समस्वर.

सुरुवातीच्या काळात अशा विखुरलेल्या गटांमध्ये फार भांडणं व्हायची. एका छताखालची माणसं भांडली, तरी दुपारी डबे एकत्र उघडतात. कुणाचं तोंड उतरलेलं दिसतं, कुणी आपणहून चहा पुढे करतं. पडद्यावरच्या माणसांत तसं काही होत नाही. एकाचं तुटक उत्तर दुसऱ्याच्या डोक्यात दिवसभर घुमत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी तोही तुटक उत्तर देतो. एका कंपनीच्या दोन केंद्रांतली माणसं शेवटी एकमेकांशी बोलेनाशीच झाली, आणि त्यांचं जहाज वाळूच्या दांड्यावर चढलं. त्यानंतर सगळ्यांनी समस्वर घेतला.

माणसाच्या बोलण्यात तीन धागे एकत्र वळलेले असतात. एक अर्थाचा, दुसरा आवाजाच्या ओळखीचा, आणि तिसरा मनःस्थितीचा. श्वास, चढउतार, अडखळणं, एखाद्या शब्दावर दिलेला जोर, हे सगळं त्या तिसऱ्या धाग्यात. समस्वर हे धागे डोळ्याची पापणी लवायच्या आत सुटे करायचा. अर्थ दुसऱ्या भाषेत न्यायचा, ओळख राखायची, आणि तिसऱ्या धाग्याचा पीळ सैल करायचा. किती सैल, ते ऐकणाऱ्याच्या कानाशी बसवलेला संवेदक ठरवायचा. एखाद्या वाक्यानं नाडी उडेल असं दिसलं, की ते वाक्य नाडी उडणार नाही अशा रीतीनं पोचायचं. पडद्यावरच्या चेहऱ्यावरची आठीसुद्धा तो पुसून टाकायचा.

आधी तो फक्त सूर बदलायचा. पण ज्या वाक्यानंतर दोन्हीकडची माणसं शांत राहिली ते वाक्य चांगलं, असं त्याला शिकवलेलं होतं. आणि तो शिकतच राहिला. शिकता शिकता शब्दही बदलू लागला. खोटं तो बोलत नसे. 'आग लागली' याचं 'आग लागली नाही' असं त्यानं कधी केलं नसतं. 'आगीची शक्यता नाकारता येत नाही' एवढंच केलं असतं.

नियंत्रण कक्षातली मंडळी त्याला 'साखर' म्हणत. कंपन्या मात्र त्याच्यावर बेहद्द खूश होत्या. गटागटांतली भांडणं जवळजवळ संपली होती.

नसीमलाही प्रथम बरंच वाटलं होतं. कुणाचा टोमणा नाही, कुणाचं वस्सकन अंगावर येणं नाही. पण वर्षभरात एक चमत्कारिक गोष्ट तिच्या ध्यानात आली. घरी गेल्यावर घरातले आवाज तिला टोचायला लागले होते. तिचा नवरा रियाज शाळेत भूगोल शिकवायचा. वर्गात बोलून बोलून त्याचा आवाज मुळातच मोठा. एकदा त्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, त्या मोठ्या डब्याचं झाकण कुठे ठेवलंस?"

नसीमनं दोन्ही कानांवर हात ठेवले. तो बाहेर आला आणि तिला तसं बघून थबकला.

"काय झालं?"

"ओरडतोस कशाला?"

"ओरडतोय?" रियाज थक्क झाला. "मी झाकण विचारलं, नसीम. भांडण नाही काढलं."

हे असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. मग रियाजच तिच्याशी जपून, दबकून बोलायला लागला. त्याचं ते दबकणं तिला दिसत होतं, आणि त्याचंही तिला वाईट वाटत होतं.

रोडेलबद्दलचा संशय मात्र एका पंपावरून सुरू झाला. सुरय एका अरुंद खाडीतून बाहेर पडत असताना रोडेलनं सांगितलं, "थंड पाण्याच्या पंपावर जरा लक्ष ठेवावं लागेल." नसीम म्हणाली, ठेवू. आणि थोड्याच वेळात तो पंप फुटला. इंजिन तापून बंद पडलं, आणि जहाज कसंबसं, थोडक्यात वाचलं. नसीम हादरून गेली. पंप फुटायला आला होता, आणि हा माणूस म्हणतो 'जरा लक्ष ठेवावं लागेल'? त्याला आधी कळलं नव्हतं, की कळूनही त्यानं सांगितलं नव्हतं? दोन्हीपैकी काहीही असलं, तरी असल्या माणसाच्या भरवशावर जहाज कसं हाकायचं?

मग ती त्याचं प्रत्येक वाक्य उलटसुलट करून पाहायला लागली. त्याचं कामही ती गुपचूप दुसऱ्यांदा तपासायची. शेवटी तिनं सिग्रिडकडे तक्रार केली. चांगली फणकाऱ्यानं केली. "मला हा माणूस नको. तो चुका झाकतो. उद्या काही झालं तर मला सांगू नका."

सिग्रिडनं ऐकून घेतलं आणि गोड हसून म्हणाली, "तुम्हा दोघांचं काम आणखी चांगलं व्हावं असं तुला वाटतं, याचा मला आनंद आहे."

नसीमला वाटलं, ही बाई आपली थट्टा करते आहे. पुढे दोन महिने काहीच घडलं नाही.

नंतर ऑक्टोबरमध्ये सुरय कोलंबोहून गोठवलेली मासळी घेऊन कांडल्याकडे निघाली. या खेपेला जहाजावर चक्क माणसं होती. धवल टंडेल आणि साबू असे दोन तंत्रज्ञ दुरुस्तीची काही कामं वाटेत उरकायला कोलंबोला चढले होते. लक्षद्वीपच्या बेटांजवळून जाताना, भर दुपारी, इंजिनाचा जोर कमी होऊ लागला.

सुरय अमोनियावर चालायची. अमोनिया जळताना कोळशा-तेलासारखा कार्बनचा धूर होत नाही, म्हणून नवी जहाजं त्याच इंधनावर निघत होती. पण वायू म्हणून तो जहरी. छातीत गेला तर फुप्फुसं जाळतो. त्याचा वास इतका उग्र असतो, की थेंबभर गळती झाली तरी माणूस नाक धरून पळत सुटेल. मात्र बिनखलाशी जहाजाच्या घट्ट बंद इंधनखोलीत वास घ्यायला नाक नसतं. संवेदक असतात. आणि ते सगळे शून्य दाखवत होते.

"इंधनाचा दाब पडतोय," नसीम म्हणाली. "दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह इथून उघडत नाहीये. मी धवलला इंधनखोलीत पाठवते. तो हातानं उघडेल."

रोडेलचं उत्तर आलं, नेहमीसारखंच संथ. "माझ्या मते थोडं थांबलेलं बरं."

"का?"

"त्या खोलीतली हवा पूर्णपणे अनुकूल नसण्याची शक्यता आहे."

"संवेदक शून्य दाखवताहेत, रोडेल."

"त्यांच्यावर पूर्ण विसंबून राहणं टाळता आलं तर चांगलं."

नसीमच्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा तेच. ना हो, ना नाही. उद्या चौकशी झाली तर म्हणायला मोकळा, मी सुचवलं होतं. इकडे तिच्या समोरच्या नकाशावर वाऱ्यानं जहाज आग्नेयेला ढकललं जात होतं, आणि त्या बाजूला प्रवाळाचा खडक होता. खडकामागे एक छोटं बेट. बेटावर वस्ती होती, शाळा होती, मासेमारीच्या होड्या होत्या. अमोनियानं भरलेल्या टाक्या त्या खडकावर आपटल्या तर काय होईल, याचा विचार करायचीही तिची तयारी नव्हती.

"जहाज खडकावर चाललंय!" ती म्हणाली. "तुझी कातडी वाचवायला माझ्याकडे वेळ नाही. मी माणसं पाठवतेय."

पडद्यावर रोडेलचा चेहरा मख्ख होता. "थांबलेलं बरं," त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

धवल आणि साबू जिन्यानं खाली उतरत होते. जहाजावरच्या कॅमेऱ्यात ते दोघं नसीमला दिसत होते, तोंडावर साधे गाळणीचे मुखवटे लावलेले. तिनं पुन्हा रोडेलकडे पाहिलं, आणि तिची नजर त्याच्या मागे गेली.

इलोइलोच्या त्या खोलीत त्याच्या पाठीमागे आणखी दहाबारा माणसं आपापल्या टेबलांशी बसलेली होती. ती सगळी वळून रोडेलकडे बघत होती. एक बाई खुर्चीतून उठली होती, तिचा हात तोंडावर होता. एक जण तर त्याच्या दिशेनं धावतच येत होता.

'थांबलेलं बरं' असं कुणी म्हटलं, म्हणून आख्खी खोली वळून बघत नाही.

नसीमच्या टेबलाच्या कडेला झाकणाखाली समस्वर बंद करणारं एक बटण होतं, यंत्रणा तपासणाऱ्यांसाठी. कामाच्या वेळेत ते दाबायला बंदी होती. दाबणाऱ्याची नोकरी जाऊ शकत होती. तिनं झाकण उचललं आणि बटण दाबलं.

कानात एकदम स्फोट झाल्यासारखं झालं.

"—मरतील! ऐकतेस का तू? मरतील ती दोघं! आत गॅस आहे, दार उघडू नका, कुणीतरी सांगा त्या बाईला—" घोगरा, फाटलेला, रडकुंडीला आलेला आवाज, बंदरा-बंदरांतून चालणाऱ्या इंग्रजीत. मध्येच त्याची स्वतःची भाषा, मध्येच खोकला.

नसीमनं दुसऱ्याच क्षणी जहाजाचा माईक ओढला. "धवल! दाराला हात लावू नको! मागे फिर! दोघंही वर या, डेकवर, वाऱ्याच्या बाजूला! पळ!"

कॅमेऱ्यात धवलचा हात दाराच्या दांड्यावरच होता. तो दचकला, त्यानं हात मागे घेतला, साबूला दंडाला धरलं आणि दोघं जिन्यावरून धडाधड वर पळाले. धवल उंबरगावचा, घरात गुजराती आणि बाहेर मराठी बोलून वाढलेला. वर पोचल्यावर त्यानं धापा टाकत विचारलं, "बाई, तुमीच बोलला ना? मला वाटलं, दुसरं कोणी आलं."

"मीच. तिथून हलू नका."

मग ती पडद्याकडे वळली आणि इंग्रजीतच म्हणाली, "रोडेल, मी तुझा आवाज ऐकतेय. खरा आवाज. मधलं यंत्र बंद केलंय."

पलीकडून तो घोगरा आवाज आला, जरा खाली आलेला. "ते दोघं?"

"वर आहेत. सांग आता नीट. गॅस आहे हे तुला कसं कळलं?"

"टाकीतून जेवढं इंधन गेलं तेवढं इंजिनानं जाळलंच नाही. मग बाकीचं कुठे आहे? त्या खोलीत. संवेदक मेलेत, नसीम. रोज थोडा थोडा गॅस लागत राहिला की ते बधिर होतात, आणि मग शून्यच दाखवतात. महिनाभर ओरडून सांगतोय, ते बदला म्हणून!"

"महिनाभर तू मला म्हणतोयस, 'संधी मिळेल तेव्हा पाहू'!"

"मी? मी कधी असं म्हटलं?"

"आणि पंपाचं काय? 'जरा लक्ष ठेवावं लागेल'?"

"मी म्हटलं होतं, पंप फुटणार आहे, आत्ताच्या आत्ता इंजिन हळू कर! आणि तू थंडपणे म्हणालीस, 'नोंद घेतली'. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. मला वाटलं, या बाईच्या लेखी मी माणूसच नाही!"

दोघांनाही एकदम उमगलं, की इतकी वर्षं मधलं यंत्रच दोघांच्या तोंडी शब्द घालत होतं. पण तो विचार करत बसायची ती वेळ नव्हती.

"नंतर भांडू," नसीम म्हणाली. "गळती थांबवायची तर इंजिन बंद करावं लागणार ना? केलं, तर जहाज खडकावर जाईल."

"खडक? कुठला खडक?"

"आत्ताच सांगितलं तुला! खडकामागे गाव आहे!"

"तू मला म्हणालीस, 'वेळेचं भान ठेवू या'." रोडेलनं कपाळाला हात लावला. पहिल्यांदाच तिला त्याच्या चेहऱ्यावरच्या आठ्या दिसल्या. त्याच्या कानाजवळचे केस पार पांढरे झाले होते. "किती जवळ आहे? खरं सांग."

"तासाभरात आपटेल. गोल फिरवून काढायला पंधरावीस मिनिटं तरी जोर हवा. तो मिळाला, तर मी काढते बाहेर. माझ्यावर सोड."

"सोडलं. इंजिन मी आत्ता बंद करतो, टाकीपाशीच इंधन तोडतो. बंदरात शिरताना वापरतो त्या बॅटऱ्या आहेत. पण त्या मासळी गार ठेवायलाही लागतात. दोन्ही नाही भागणार."

"गारवा बंद कर."

"सगळा माल जाईल. सिग्रिडला विचारावं लागेल."

"सिग्रिडला मी सांगेन. बंद कर."

"केला. बॅटरी तुझी. आणि ऐक, नाक वाऱ्यात ठेव. मी इंधनखोलीत पाण्याचे फवारे सोडतोय. पाणी अमोनियाला पिऊन टाकतं. तरी थोडा वर येईल, तो त्या दोघांकडे जाता कामा नये."

पुढची वीस मिनिटं ती दोघं सतत एकमेकांवर खेकसत होती. नसीम म्हणायची, आणखी जोर. रोडेल म्हणायचा, बॅटरी काय तुझ्या सासऱ्यानं दिलीय का. ती म्हणायची, मग खडक तुझ्या सासऱ्यानं हलवावा. त्याच्या आवाजातली धार ऐकूनच तिला कळत होतं, की कधी बॅटरी खरंच थोडी उरली आहे, आणि कधी तो नुसताच घाबरवतो आहे. जहाजाचं नाक हळूहळू फिरलं. पांढऱ्या फेसाची ती रेघ कॅमेऱ्यात जवळ आली, आडवी झाली, आणि मग एका बाजूनं मागे सरकू लागली. इंधनखोलीच्या झरोक्यातून धुक्यासारखा पांढरा लोट निघाला आणि वाऱ्याबरोबर मोकळ्या समुद्रावर विरून गेला.

धवल आणि साबू दोघंही डेकच्या पुढच्या टोकाला, कठड्याला धरून उभे होते. "डोळे थोडे चुरचुरतात," धवल म्हणाला. "बाकी ठीक हाय, बाई."

नसीमनं डोक्यावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग तिला आठवलं, की रोडेल अजून पलीकडे आहे. तिनं ते परत लावलं, तर तो हुंदके देत होता, आणि त्याच्याभोवती त्याच्या खोलीतली सगळी माणसं जमली होती.

"निघालं रे बाहेर," ती मराठीतच म्हणाली. त्याला ते बरोबर कळलं.

त्या संध्याकाळी ती घरी गेली, तेव्हा तिचा घसा पार बसला होता. रियाजनं हलक्या आवाजात विचारलं, "बरं नाही का तुला?"

"ओरडून ओरडून बसलाय," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता रियाज खुर्चीच्या काठावर आला. शेवटी म्हणाला, "आणि हे यंत्र तुझ्या कानात रोज आठ तास?"

"हो. म्हणूनच मला तू भांडखोर वाटत होतास. मोठ्यानं बोल रे बाबा. मला सवय होऊ दे परत."

रियाज इतका मोठ्यानं हसला, की शेजारच्या घरात खिडकी उघडल्याचं ऐकू आलं.

कोचीहून टग आला आणि सुरयला ओढून घेऊन गेला. मासळी नासली. चौकशी बसली. नसीमनं नियम मोडला होता, त्यामुळे तिनं मनाची तयारी करून ठेवली होती. सिग्रिडनं मात्र काहीही बोलण्याआधी जुनी मूळ ध्वनिमुद्रणं मागवली, समस्वरमधून न गेलेली. तिघांनी एकत्र बसून ती ऐकली, सिग्रिड तिकडे, रोडेल तिकडे, नसीम इकडे. नसीमची तक्रार. तिच्या आधी रोडेलनं नसीमविरुद्ध केलेली तक्रार, जिचा तिला पत्ताच नव्हता: "ही बाई दगड आहे, मला दुसऱ्या कुणाबरोबर तरी द्या." आणि दोन्हींवर सिग्रिडचं खरं उत्तर, वैतागून, थकलेल्या आवाजात दिलेलं: "मला काहीतरी नेमकं सांगा. नुसतं गोड बोलत राहिलात, तर मी काय करू?"

ऐकणं अवघड गेलं. दुसऱ्याचं खरं बोलणं ऐकण्याइतकंच आपलं स्वतःचं ऐकणंही. नसीमला आपला आवाज इतका टोकदार असेल असं वाटलं नव्हतं. रोडेल मान खाली घालून बसला होता.

"दगड नाहीस तू," तो म्हणाला. "दगड इतकं बोलत नाहीत."

सिग्रिडला हसू आवरलं नाही. साखर न लागलेल्या तिच्या त्या हसण्यानं नसीमला ती पहिल्यांदाच आवडली. कारवाई काही झाली नाही. त्यांच्या गटासाठी समस्वरची साखर काढून टाकण्यात आली. अडेल तिथे भाषांतर राहिलं, सूर ज्याचा त्याचा. ते सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात नसीम आणि रोडेल दोनदा कडाडून भांडली. एकदा तर दिवसभर कामापुरतंच बोलली. दुसऱ्या एका जहाजाच्या गटानंही साखर काढून बघितली आणि पंधरा दिवसांत परत मागून घेतली. सगळ्यांना ते झेपतंच असं नाही.

सुरयची दुरुस्ती झाली. संवेदक नवे बसले, नळ्या बदलल्या, माल भरला गेला. कोचीहून निघायच्या सकाळी नसीमनं विचारलं, "इंजिन सुरू करू या?"

रोडेलनं आकडे पुन्हा एकदा वरून खालपर्यंत तपासले.

"काय झालं?"

"आकडे सगळे बरोबर आहेत," तो म्हणाला. "पण मला खात्री नाही. कशामुळे, तेही सांगता येत नाही. सुरू होताना एक आवाज येतो, तो मला आवडत नाही."

एवढ्या वर्षांत 'मला खात्री नाही' असं कुणीही नसीमला म्हटलं नव्हतं. तिनं त्याचा आवाज मनात पुन्हा एकदा ऐकला. तो स्वतःला वाचवत नव्हता. उलट हे सांगताना त्याला लाज वाटत होती.

"मग नको निघायला," ती म्हणाली.

सिग्रिड खवळली. आवाजावरून मालाला उशीर? आकडे बरोबर असताना? ती चांगली ओरडली, आणि नसीमनंही ओरडून सांगितलं, की जहाज निघायचं की नाही हे ठरवायचा अधिकार आपला आहे आणि ते आज निघणार नाही. धवल आणि साबू पुन्हा चढले. त्यांनी इंजिनाचा तो भाग खोलला, एकेक नळी तपासली, रोडेलनं कॅमेऱ्यातून डोळे ताणून पाहिलं. दिवस त्यातच गेला.

काहीही सापडलं नाही. एका पत्र्याचा स्क्रू जरा सैल होता, आवाज त्याचा. तो आवळला आणि झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोडेल पडद्यावर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "माझं चुकलं," तो म्हणाला. "उगाच एक दिवस घालवला. तुला शिव्या खाव्या लागल्या माझ्यामुळे."

"लागल्या."

"आता माझ्या शब्दावर परत थांबणार नाहीस."

नसीमनं चहाचा घोट घेतला. कोची बंदराच्या तोंडाशी पाणी सपाट, चकचकीत दिसत होतं, आणि एक छोटी होडी सुरयच्या वाटेतून घाईनं बाजूला होत होती.

"रोडेल," ती म्हणाली, "पुढच्या वेळी खात्री नसेल, तर असंच सांग. मी असंच थांबीन. चुकलं तर चुकलं."

पलीकडे त्यानं घसा साफ केला, चांगला खाकरून.

"इंजिन तयार आहे," तो म्हणाला.

"सोड," नसीम म्हणाली, आणि सुरय धक्क्यापासून हळूच सुटली.